रिठा आणि मूस

दिल्लीतल्या मराठी घरांत सणावाराच्या आधी एका वाडग्यात रिठे भिजत पडतात. कोमट पाण्याला फेस आला की पाटल्या, बांगड्या, साखळ्या त्यात बुडवायच्या, मऊ ब्रशने कोपरे घासायचे, साध्या पाण्यात खळबळून सुती फडक्याने टिपायच्या. मोत्यांची नथ मात्र या पाण्यात जात नाही; ती नुसती पुसायची.

शुद्ध सोनं काळं पडत नाही. बावीस कॅरटच्या दागिन्यात बारातले अकरा भाग सोनं असतं. काळवंडतं ते उरलेल्या भागातलं तांबं आणि चांदी. त्यावर घाम, तेल, साबण यांचा थर बसतो. रिठा हा थर काढतो, सोन्याला हात लावत नाही. दारावर येऊन दागिने चमकवून देणारा लबाड माणूस आम्लराज वापरतो. त्यात सोनंच विरघळतं. बांगडी लखलखते, वजन घटतं आणि घटलेलं सोनं त्याच्या भांड्यात उरतं.

सोनं आतूनही शुद्ध करायचं, तर ते घरचं काम नव्हे. मुघल टांकसाळीत हे कसं चाले, ते अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलं आहे: सोन्याचे पत्रे, त्यांवर क्षार आणि कच्च्या विटांची भुकटी, भोवती गोवऱ्यांची आच. आज चांदणी चौकाच्या गल्ल्यांत हीण काढण्याचं काम करणाऱ्यांत सांगलीकडचे गलाईवालेही आहेत. खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून त्यांची माणसं देशभर पांगली. मुशीत जुना दागिना वितळवायचा, त्यात चांदी मिसळायची, मग तेजाबात उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं.

मराठी माणसाने दिल्लीत मूस पेटवण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1760 साली, पानिपतच्या आधी, सदाशिवराव भाऊंनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं रुप्याचं छत उतरवून वितळवलं आणि त्याची नाणी पाडून फौजेचा खर्च भागवला. चांदी कुठे ना कुठे असेलच. छत मात्र कुणीच पुन्हा पाहिलं नाही.

दागिन्यांच्या इतिहासाची अडचण हीच आहे. लाकूड कुजतं, कापड विरतं. सोनं टिकतं, आणि टिकतं म्हणूनच प्रत्येक पिढी ते पुन्हा आटवते. पणजीची ठुशी गलाईवाल्याकडे गेली की वजन आणि कस यांचा हिशेब चोख मिळतो. तिची घडण, झिजलेले मणी, डाग देऊन सांधलेली कडी या गोष्टींना त्या हिशेबात रकाना नाही.

रिठ्याच्या पाण्यात ठुशी धुताना मण्यांच्या फटीत थोडा काळा मळ उरतोच. तो तसाच राहू द्यावा.