कपूर अँड सन्स (चित्रपट)

कपूर अँड सन्स हा २०१६ साली प्रदर्शित झालेला हिंदी कौटुंबिक चित्रपट आहे. त्याचे दिग्दर्शन शकुन बत्रा यांनी केले.

कथानक

आजोबांना (ऋषी कपूर) हृदयविकाराचा झटका आल्याने राहुल (फवाद खान) आणि अर्जुन (सिद्धार्थ मल्होत्रा) हे नातू परदेशातून तमिळनाडूतील कुन्नूरच्या घरी परततात. संपूर्ण कुटुंबाचे एकत्र छायाचित्र असावे, ही आजोबांची इच्छा असते. मात्र वडिलांचे विवाहबाह्य संबंध आणि राहुलची समलैंगिकता उघड होऊन कलह विकोपाला जातो. त्यातच वडिलांचा अपघाती मृत्यू होतो. अखेरच्या छायाचित्रात वडिलांच्या जागी त्यांची पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी असते.

वैशिष्ट्ये

राहुलची समलैंगिकता येथे विनोदाचा विषय होत नाही. या चित्रपटासाठी ऋषी कपूर यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.