कांद्याच्या हिशेबातलं अल्पमत

निफाड तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक लाल बिल्ला आहे. शेतकरी संघटनेचा. लहानपणी मला ते कुठल्यातरी पक्षाचं चिन्ह वाटायचं. पुढे इंजिनिअरिंगला असताना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर अर्थशास्त्राचे व्हिडिओ बघायची सवय लागली. हायेक, मिल्टन फ्रीडमन वगैरे मंडळी तिथे भेटली. सुट्टीत घरी गेल्यावर मी आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, की सरकार भावात हात घालतं तेव्हा नेमकं काय बिघडतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे आम्हाला ऐंशी सालीच कळलंय. तुला कॉलेजात आत्ता शिकवतात का?"

हायेकचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. मग हा विचार माझ्याआधी त्यांच्यापर्यंत पोचला कसा?

त्यासाठी १९५५ मध्ये जावं लागतं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा तपासायला अर्थतज्ज्ञांचं एक मंडळ नेमलेलं होतं. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख त्याचे अध्यक्ष, सदस्यांमध्ये धनंजयराव गाडगीळांसारखी माणसं. सगळ्यांनी आराखड्याच्या बाजूने सह्या केल्या. बी. आर. शेणॉय या अहमदाबादच्या प्राध्यापकांनी मात्र वेगळं टिपण जोडलं. त्यांचं म्हणणं, देशाची बचत एवढी नाही, नोटा छापून योजना रेटली तर महागाई वाढेल, आणि किमतींवरची नियंत्रणं व राष्ट्रीयीकरण वाढवत नेणं बरं नाही. दोनेक वर्षांतच परकीय चलनाचं संकट आलं. तरीही शेणॉय एकटेच राहिले. मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढला, १९५९ मध्ये राजाजींचा स्वतंत्र पक्ष आला, पण मुख्य प्रवाह काही हलला नाही.

आमच्या धंद्यातही असं होतं. कुणीतरी कोडमधला दोष दाखवून दुरुस्ती पाठवतो आणि ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. सर्व्हर कोसळला की सगळे धावत येतात, आणि तरीही ती जुनी दुरुस्ती कुणी उघडून बघत नाही.

ब्रिटनमध्ये हाच विचार वेगळ्या वाटेने पुढे गेला. अँटनी फिशर नावाच्या माजी लढाऊ वैमानिकाने १९४५ मध्ये रीडर्स डायजेस्टमध्ये हायेकच्या पुस्तकाचा संक्षेप वाचला आणि तो थेट हायेकला जाऊन भेटला. मी राजकारणात उतरू का, असं त्याने विचारलं. हायेक म्हणाला, नको. आधी प्राध्यापक, पत्रकार, लेखक यांच्यापर्यंत पोच, राजकारणी मागून येतील. पुढे फिशर कोंबड्यांच्या धंद्यात श्रीमंत झाला आणि १९५५ मध्येच, म्हणजे शेणॉय यांच्या टिपणाच्याच वर्षी, त्याने लंडनमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स ही संस्था उभारली. तिथून पुस्तिका निघत राहिल्या. १९७९ मध्ये थॅचरबाई पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांच्या आसपासच्या मंडळींना हे विचार तोंडपाठ होते.

महाराष्ट्रात झालं ते बरोबर उलटं. इथे विचार आधी बांधावर गेला.

शरद जोशी टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघात नोकरीला होते. ती सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेती तोट्यात जाते, हे त्यांना स्वतःच्या वहीत दिसलं. मग त्यांनी शेतकऱ्यांना हिशेब मांडायला शिकवलं. बियाणं, खत, पाणी तर खरंच, पण घरच्या माणसांची मजुरीही धरा. बायकोच्या खुरपणीचा रोज धरा. आजोबा सांगायचे, शिबिरात हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मांडवात कुणी बोलेना. तोवर प्रत्येकाला वाटत होतं, की आपल्यालाच शेती जमत नाही.

त्यापुढची पायरी महत्त्वाची. भाव पडतो तो नशिबाने नाही. निर्यातबंदी, लेव्ही आणि आयात यांनी तो पाडला जातो, असं जोशी सांगत. त्याला त्यांनी नाव दिलं उणे सबसिडी. अर्थशास्त्रातली एवढी अवघड गोष्ट, पण कांद्याच्या गोणीवर समजावली की दहा मिनिटांत कळते. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या. गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. शेणॉय यांच्या टिपणामागे एकच सही होती. इथे हजारो माणसं तुरुंगात जायला तयार होती.

म्हणजे जोशी जिंकले का? मला इथेच अडखळायला होतं. 'उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव' या मागणीचे दोन अर्थ निघत होते. जोशींच्या मते सरकारने भाव पाडणं थांबवलं, की रास्त भाव बाजारातच मिळेल. मांडवात बसलेल्या पुष्कळांनी ऐकलं ते असं, की सरकारने भाव द्यावा. आजोबांनीही बहुधा तेच ऐकलं होतं. १९९० ची कर्जमाफी झाली तेव्हा ते पेढे घेऊन आले होते, असं आजी सांगते. नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्ताव आला. कर्नाटकात नंजुंडस्वामी त्याविरुद्ध मोर्चे काढत होते आणि जोशी त्याचं स्वागत करत होते. आमच्या गावातले कितीतरी बिल्ले तेव्हा उतरले. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, पण मतपेटीतून फारसं काही निघालं नाही.

आज हमीभाव आणि कर्जमाफी प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात असते. खर्च भरून निघाला पाहिजे, हेही सगळे मान्य करतात. सरकारला काहीतरी देता येतं, तो अर्धा विचार सर्वमान्य झाला. सरकारने हात काढून घ्यावा, हा उरलेला अर्धा अजून शेणॉय यांच्याच जागी उभा आहे. १९९१ मध्ये कारखानदारीवरचं परवाना राज बरंचसं गेलं, कांद्यावरचं गेलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली.

त्या आठवड्यात बाबांचा फोन आला. लाल कांदा काढून पडला होता; तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, विकावाच लागतो. भाव कोसळले होते. मी त्यांना शेणॉय, फिशर, उणे सबसिडी असं सगळं सांगायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं आणि विचारलं, "तुमच्या ऑफिसात कांदा महाग झाला म्हणून कुणी ओरडत होतं का रे?"

ओरडत होतं. नोव्हेंबरात ॲपवरचा कांद्याचा भाव बघून त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर मीच टाकला होता.