कडेवरचं मूल आणि आपली तळमजल्याची खोली

प्लॉट, कर्ज, रजिस्ट्रेशन यांचा इतिहास सेक्रेटरींच्या अहवालात आहेच. मी लिहिते ते लेकुरवाळ्यांच्या सोयीबद्दल. कारण आपल्याकडे बिऱ्हाड करायला आलेली जोडपी बहुतेक तरुण होती. आजी-आजोबा खेड्यावर, पोर कडेवर. वाळूजची एमआयडीसी आपल्याच गंगापूर तालुक्यात, 1985 साली बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला आणि पाठोपाठ शिफ्टचं आयुष्य आलं. मूल कोणाकडे ठेवायचं, हा प्रश्न आला तो तेव्हापासून.

तसा कायदा जुना आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं होतं; 1976 मध्ये पन्नासचे तीस झाले. पण मोजायच्या फक्त बायका! बाप कामावर असला तर लेकराची सोय घरी असणारच, हे गृहीत. स्त्री-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी, असा हिशोब व्हायला 2017 साल उजाडलं, तोही मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीतून.

आपल्या महाराष्ट्रात याआधी फार मोठं काम झालं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार? मग बाईच खेळणी घेऊन वस्तीवर गेल्या, अंगणातच वर्ग भरवला. तीच अंगणवाडी. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. मात्र अंगणवाडी काही तासांचीच असते, शिफ्ट तेव्हा सुटत नाही.

एसटी स्टँडांवरचा हिरकणी कक्ष अलीकडचा. माझी दोन्ही मुलं मी एसटीत खिडकीशी बसून पदराखाली पाजली, म्हणून त्या खोलीचं मोल मला विचारा. रायगडच्या हिरकणीच्या धाडसाच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. पण गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तिला कडा उतरावा लागला, हे सांगताना कोणी थांबत नाही.

आपल्या सोसायटीत पहिली काही वर्षं एक काकू चार-पाच मुलं स्वतःच्या घरात सांभाळायच्या. पैसे कोणी दिले तर दिले. त्या गाव सोडून गेल्यावर दोन सुनांनी नोकरी सोडली. दोघीही शिकलेल्या.

पंप रूमशेजारच्या खोलीत सध्या गणपतीची आरास, जुने पाइप आणि एक मोडका झोपाळा आहे. ती भाड्याने द्यावी, देखभाल खर्चाला हातभार लागेल, असा विषय यंदाच्या वार्षिक सभेत आहे. माझी सूचना वेगळी आहे: खोली मुलांसाठी ठेवावी, पगार देऊन एक बाई नेमावी, आणि खर्च फक्त लेकुरवाळ्यांवर न टाकता सर्व सभासदांनी वाटून घ्यावा. बाथरूम आत आहे, पाणी आहे, ऊन सकाळचंच येतं. सूचना लेखी दिली आहे. अनुमोदनाला एक सही कमी आहे.