कंबरदुखी व स्नायू-अस्थिविकार : फिजिओथेरपीची तपासणी आणि उपचार

हाडे, सांधे, स्नायू, कंडरा, अस्थिबंध आणि त्यांच्याशी निगडित नसा यांची दुखणी हालचालीची बारकाईने तपासणी करून व्यायाम, हस्तोपचार, शेक व कामाच्या सवयींतील बदल यांनी बरी करण्याचे किंवा आटोक्यात ठेवण्याचे शास्त्र म्हणजे फिजिओथेरपी. या दुखण्यांत सर्वांत मोठा वाटा कंबरदुखीचा आहे. २०२० साली जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना ती होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. माणसाची काम करण्याची ताकद हिरावून घेणाऱ्या आजारांत तिचा क्रमांक जगभर पहिला लागतो. मरण येत नाही, पण रोजगार बुडतो. त्यामुळे हातावर पोट असलेल्या भागात हे दुखणे घरच्या अर्थकारणाचाच प्रश्न होऊन बसते.

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा (सुपा) तालुक्यातील रामनगर हा असाच भाग आहे. काळी नदीवरील सुपा धरणाने जुने सुपा गाव व आसपासच्या वाड्या पाण्याखाली घेतल्या आणि तिथल्या विस्थापितांच्या वसाहतीतून आजचे रामनगर वाढले. खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड घाट असा बेळगाव-गोवा रस्ता गावातून जातो. मराठी, कोकणी व कन्नड या तिन्ही भाषा इथे कानावर पडतात. सभोवती जंगल, पाऊस मुबलक आणि कामे सगळी अंगमेहनतीची. लावणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास वाकून रोपे लावायची, डोक्यावर सरपणाची मोळी किंवा पाण्याची घागर घेऊन चढ-उतार करायचे, बांधकामावर सिमेंटची पोती उचलायची, घाटरस्त्यावर मालवाहू गाडी चालवायची. यातले प्रत्येक काम कंबरेला वेगळ्या प्रकारे छळते. म्हणूनच फिजिओथेरपिस्टचा पहिला प्रश्न ‘कुठे दुखतंय?’ असला, तरी दुसरा ‘काम काय करता?’ हाच असायला हवा.

वाकून राहण्याचा त्रास कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कंबरेत पाच मणके आणि त्यांच्यामध्ये चकत्या असतात. लोक त्यांना ‘गादी’ म्हणतात. माणूस कंबरेत वाकून बराच वेळ राहिला, की पाठीचे स्नायू थकतात आणि भार मणक्यांमागच्या अस्थिबंधांवर व चकत्यांवर येतो. अस्थिबंध हळूहळू ताणले जातात आणि उभे राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. त्याच क्षणी जड पेंढी उचलली, की ‘कंबर धरली’, ‘उसण भरली’ अशी तक्रार सुरू होते. वाहनचालकाचे गणित निराळे आहे. त्याच्या कंबरेला बैठक आणि इंजिनाचे व खडबडीत रस्त्याचे हादरे एकत्र सोसावे लागतात. गाडी थांबवून लगेच माल उतरवायला लागणाऱ्या चालकाला धोका अधिक असतो. पाच मिनिटे चालून मग ओझ्याला हात घालावा, हा सल्ला त्याला बिनखर्चाचा आहे.

तपासणीची सुरुवात बोलण्यातून होते आणि अर्धे निदान तिथेच होते. दुखणे कधीपासून, कशाने वाढते, कशाने थांबते, रात्री झोपमोड होते का, पायात कळ उतरते का, मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, असे प्रश्न विचारले जातात. सहा आठवड्यांच्या आतले दुखणे ताजे आणि बारा आठवड्यांहून जुने ते चिवट, असे ढोबळ वर्गीकरण आहे. स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपण, पाळी, अंगावरून पांढरे जाणे या गोष्टींचा उल्लेख बहुधा शेवटी, दबक्या आवाजात होतो. ते ऐकून घ्यायला धीर लागतो, आणि शक्य तिथे स्त्री फिजिओथेरपिस्ट असणे उपयोगी ठरते. दुखण्याची तीव्रता शून्य ते दहा या पट्टीवर नोंदवतात. दुखण्यामुळे रोजचे जगणे किती अडते, हे मोजायला ‘ऑस्वेस्ट्री’ नावाची दहा भागांची प्रश्नावली वापरतात. ती १९८० साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या मराठी आवृत्तीचीही शास्त्रीय पडताळणी झालेली आहे. जिथे रुग्णाला वाचता येत नाही, तिथे प्रश्न वाचून दाखवणे भाग आहे. ‘खुर्चीवर किती वेळ बसता?’ याऐवजी ‘पाटावर किंवा जमिनीवर किती वेळ बसवतं?’ असे विचारले तरच उत्तर खरे येते.

नंतर पाहणी. रुग्ण दारातून कसा चालत येतो, कंबर एका बाजूला झुकली आहे का, बसताना हाताचा आधार घेतो का, हे सहज दिसते. पुढे, मागे व बाजूंना वाकवून हालचाल पाहतात आणि प्रत्येक हालचालीने दुखणे पायाकडे सरकते की कंबरेकडे गोळा होते, याची नोंद ठेवतात. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५० च्या दशकात या निरीक्षणाला महत्त्व दिले. पायातली कळ वर येऊन कंबरेत गोळा होत असेल तर ते बहुधा चांगले लक्षण असते आणि ज्या दिशेच्या हालचालीने असे घडते, तीच दिशा व्यायामासाठी निवडली जाते.

नस दबली आहे का, हे ओळखायला रुग्णाला उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान नेहमीची कळ गुडघ्याखाली उतरली तर नसेचा संशय बळावतो. मांडीमागे नुसता ताण बसणे म्हणजे नस दबणे नव्हे. टाचांवर चालता आले नाही तर चौथ्या-पाचव्या कटिमणक्याच्या नसा, चवड्यांवर चालता आले नाही तर त्रिकास्थीची पहिली नस अशक्त झाली असण्याची शक्यता असते. त्याच्या जोडीला गुडघ्याची व घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया हातोडीने पाहतात आणि कापसाने त्वचेची जाणीव तपासतात. एक हातोडी, थोडा कापूस, मोजपट्टी आणि झोपायला बाक, एवढ्या सामानावर ही सगळी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. ग्रामीण भागासाठी या शास्त्राचे मोल त्यातच आहे.

तपासणीचा सर्वांत गंभीर भाग म्हणजे फिजिओथेरपीच्या कक्षेबाहेरचा रुग्ण वेळीच ओळखणे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या व बसण्याच्या जागेला बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर मणक्याच्या नलिकेतल्या नसांचा जुडगा दबलेला असू शकतो आणि शस्त्रक्रियेला तासांचा उशीरही महागात पडतो. संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारी पाठदुखी या त्रयीत मणक्याचा क्षय डोक्यात यायलाच हवा. भारतात तो आजही दुर्मीळ नाही. पूर्वी कर्करोग झालेला रुग्ण, झाडावरून पडलेला माणूस, किरकोळ धक्क्याने पाठ दुखू लागलेली वृद्ध स्त्री, यांना आधी डॉक्टरांकडे पाठवावे. तरुण वयात सुरू झालेली, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक ताठरपणा असणारी, विश्रांतीने वाढून हालचालीने हलकी होणारी कंबरदुखी मणक्याच्या संधिवाताची असू शकते आणि तिला वेगळी औषधे लागतात.

असे गंभीर कारण थोड्यांतच सापडते. दहातल्या जवळपास नऊ जणांच्या दुखण्याचे नेमके एक शारीरिक कारण दाखवता येत नाही आणि ताज्या दुखण्यातले बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरेच सुधारतात. तरीही एमआरआय काढण्याची घाई होते. कोणतेही दुखणे नसलेल्या लोकांच्या एमआरआय चित्रांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’ हे शब्द ऐकून अनेक जण उरलेले आयुष्य वाकायला घाबरतात. ही भीती कधी कधी दुखण्याहून जास्त अपंग करते. रुग्णाला त्याच्या चित्राचा अर्थ शांतपणे समजावून सांगणे हा उपचारच आहे.

उपचारात अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. दुखणे फार असेल तर एक-दोन दिवस आराम, मग जमेल तितके चालणे-फिरणे सुरू ठेवणे, हे सूत्र सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये चिवट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत समजावणी, नियोजनबद्ध व्यायाम, मसाज व मणक्यावरील हस्तोपचार यांना पसंती आहे. उलट कंबरेचा पट्टा, वजन लावून ओढ देणे, अल्ट्रासाउंड आणि विजेच्या लहरींचे टेन्स यंत्र यांचा सरसकट वापर करू नये, असे म्हटले आहे. आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांत मात्र अजूनही दहा दिवस यंत्राखाली झोपवणे म्हणजेच फिजिओथेरपी, अशी समजूत आहे. यंत्राने तात्पुरता आराम पडू शकतो. रुग्णाला लावणीला परत उभे करण्याचे काम व्यायामच करतो.

व्यायाम रुग्णागणिक बदलतो. सुरुवातीला पालथे झोपून कोपरांवर छाती उचलणे, उताणे झोपून गुडघे छातीकडे घेणे किंवा कंबर उचलून पूल करणे, यांतला जो सोसेल तो. पुढे पोटाचे, नितंबांचे व मांड्यांचे स्नायू बळकट करणे आणि शेवटी प्रत्यक्ष कामाची तालीम: मोळी अंगाजवळ धरून उचलणे, अंग पिळण्याऐवजी पावले टाकून वळणे, घागर भरताना एक पाय पुढे घेणे. लावणी करणाऱ्या बाईला ‘वाकू नका’ म्हणणे निरर्थक आहे. तिला दर ओळीच्या शेवटी सरळ उभे राहून, हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे झुकायला सांगावे; ते ती नक्की करते.

हीच पद्धत इतर सांध्यांनाही लागू पडते. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन घटवणे हे मुख्य. खांदा गोठण्याचा विकार मधुमेही रुग्णांत अधिक दिसतो. तो बरा व्हायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात आणि जोर लावून ताणल्यास चिघळतो. टाचदुखीत पोटरी व तळपाय ताणण्याचे व्यायाम उपयोगी पडतात.

गावठी उपायांशी भांडण करण्याचे कारण नाही, पण भेद सांगायला हवा. शेक आणि तेल चोळणे यांनी बरे वाटते, ते खुशाल करावे. उसण उतरवायला पायाळू (पायांकडून जन्मलेल्या) माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात व सीमाभागात अजून टिकून आहे. पाय नुसता टेकवला तर इजा नाही, जोराची लाथ मात्र म्हातारीचे झिजलेले हाड मोडू शकते. बिब्बा घालणे आणि तापल्या लोखंडाचे डाग देणे पूर्णपणे टाळावे. त्याने त्वचा भाजते, जखम चिघळते आणि मूळ आजाराची तपासणी लांबते.

भारतात फिजिओथेरपीचे औपचारिक शिक्षण १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. पोलिओने पांगळी झालेली मुले हे त्यामागचे तातडीचे कारण होते. १९५५ मध्ये मुंबईतच हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपी हा नियमन असलेला आरोग्यव्यवसाय ठरला. रामनगरच्या रुग्णाला मात्र मोठ्या तपासणीसाठी बेळगाव, गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा कारवार गाठावे लागते. कंबर दुखत असताना घाटरस्त्याने बसमध्ये केलेला हा प्रवासच दुखणे वाढवतो, आणि दिवसाची मजुरी जाते ती वेगळीच. म्हणून अशा भागात आठवड्यातून एक ठरलेला दिवस प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात बसावा आणि आशा कार्यकर्तींना धोक्याची लक्षणे व चार मूलभूत व्यायाम शिकवले जावेत, ही मागणी ग्रामसभांनी ठराव करून लावून धरली पाहिजे.