सोडलेला मुलूख आणि मराठी कादंबरी

इंदुरातील मराठी कुटुंबास मूळ गाव विचारले असता बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक कुळाचे व एक जन्माचे. कुळाचे गाव कोकणात, सातारा प्रांती किंवा नगरकडे असते. तेथे जाणे घडते ते कुलदैवताच्या निमित्ताने. जन्माचे गाव मात्र इंदूर, उज्जैन, देवास नाहीतर धार. यांपैकी ‘आपला मुलूख’ कोणता, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. मराठी कादंबरीने ते आपल्या परीने शोधले आहे.

होळकरांचे घराणे नीरेकाठच्या होळ गावचे. त्या गावावरूनच त्यांचे आडनाव पडले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मल्हारराव माळव्यात स्थिरावले आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, वैदिक व कारागीर अशी अनेक कुटुंबे नर्मदा ओलांडून आली. मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, इंदूर राजधानी झाले आणि हा ओघ वाढला. काही पिढ्यांतच या मंडळींची ‘देशा’कडची शेतीवाडी सुटली, भाषा मात्र राहिली. तिच्या बळावरच या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा मराठी साहित्य संमेलने भरली.

सुटलेल्या मुलखाची ओढ हा एकेकाळी आजार मानला गेला होता. योहानेस होफर या वैद्याने १६८८ मध्ये, परदेशी गेलेल्या स्विस लोकांच्या घरओढीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. मराठीत त्यासाठी पुढे ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ झाला. या शब्दातील रंजनाचा भाग मात्र फसवा आहे, कारण चांगली कादंबरी केवळ रंजनासाठी मागे वळून पाहत नाही.

साने गुरुजींनी पालगडच्या बालपणावरील ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. श्री. ना. पेंडसे मूळचे दापोली तालुक्यातील मुर्डीचे. नोकरी मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये करीत असता त्यांनी ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या कादंबरीत कोकण उभे केले. १९५५ साली गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ व व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली. एकीत कोकणातील ओस पडत जाणारे गाव आहे, तर दुसरीत दुष्काळाने उठून जाणारी माणदेशी वाडी. खेड्यातील माणसे शहराकडे निघून जात असतानाच मराठी कादंबरी त्यांच्या सुटलेल्या गावांची अशी नोंद ठेवीत होती.

याच वर्षांत माळव्याचीही नोंद झाली, ही गोष्ट तितकीशी ध्यानात राहिलेली नाही. शरच्चंद्र मुक्तिबोध यांचा जन्म १९२१ मध्ये इंदुरात झाला. पुढे ते नागपुरास गेले व तेथे मराठीचे अध्यापन करू लागले. त्यांची ‘क्षिप्रा’ १९५४ मध्ये आली. ‘सरहद्द’ (१९६२) आणि ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) यांनी ही कादंबरीत्रयी पूर्ण झाली. बिशू या मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलाची जडणघडण हा तिचा विषय. पहिल्या कादंबरीला नाव लाभले ते उज्जैनच्या नदीचे. इंदुरातून वाहणारी खान नदी पुढे त्याच क्षिप्रेला मिळते. येथील वाचकाला या पुस्तकाशी नाते जोडण्यासाठी नकाशा पाहण्याची गरज पडत नाही.

कादंबरीत्रयी पुरी होईपर्यंत खुद्द नकाशाच बदलला. १९४८ मध्ये होळकरांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले. ‘क्षिप्रा’ निघाली तेव्हा नागपूर हे जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते आणि इंदूर त्या प्रांताबाहेर होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी इंदूर नव्या मध्यप्रदेशात आले व नागपूर त्यातून निघून मुंबई राज्यात गेले. लेखकाने गाव सोडले होते. ज्यांनी ते सोडले नव्हते, त्यांचेही राज्य पायाखालून सरकले. ज्या दरबारात मराठीला मान होता, तो दरबारच उरला नाही. घर न सोडताही मुलूख सुटतो, हे माळव्यातील मराठी माणसाने अशा रीतीने अनुभवले.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) याहून दारुण अवस्था आहे. तेथे हेर्टा या ज्यू तरुणीला तिच्या देशानेच बाहेर घातले आहे. माळव्यावर तशी वेळ आली नाही. येथील तुटणे सावकाश झाले, म्हणूनच ते पुष्कळांच्या नजरेतून सुटले.

मुक्तिबोधांच्या घरातच त्याची खूण सापडते. थोरले बंधू गजानन माधव यांनी हिंदीचा मार्ग धरला आणि ते आधुनिक हिंदी कवितेतील अग्रगण्य कवी ठरले. धाकट्या शरच्चंद्रांनी मराठीत लिहिले. एकाच घराने दोन भाषांना दोन मोठे लेखक दिले, ही माळव्याची श्रीमंती होय. पण हिंदीतील मुक्तिबोधांना वाचकांची वाण पडली नाही. मराठीतील मुक्तिबोधांना ती महाराष्ट्रापेक्षाही त्यांच्या जन्मगावी अधिक पडण्याचा संभव आहे. घरात मराठी बोलणारी परंतु देवनागरी हिंदीसाठीच शिकलेली पिढी ‘क्षिप्रा’चे नाव ऐकेल, तिची पाने उलटील की नाही, याची खात्री देता येत नाही.

ग्रंथालयाचे प्रयोजन येथे ध्यानात येते. कोकणच्या कादंबऱ्या कोठेही मिळतील. माळव्याची मराठी कादंबरी इंदुरात मिळाली नाही, तर ती अन्यत्र कोणी शोधावी? शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेला कपाटात पुस्तक असणे पुरेसे वाटत नसते. ते कोणीतरी मागावे, घरी न्यावे, त्यावर बोलावे, तेव्हाच मुलूख आठवणीत जिवंत राहतो. पूर्वजांचा ‘देश’ वाचकांना पेंडशांनी व माडगूळकरांनी दाखविला. त्यांचा स्वतःचा देश मात्र क्षिप्रेच्या काठी आहे, आणि त्याची कथाही मराठीतच लिहिली गेली आहे.