गर्भपातविषयक घटनात्मक प्रश्न, अमेरिकेतील

अमेरिकेच्या राज्यघटनेत गर्भपात हा शब्द कोठेही येत नाही. त्यामुळे तेथील गर्भपाताचा हक्क जवळजवळ अर्धशतकभर घटनेच्या मजकुरापेक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्वनिर्णयांवर, म्हणजे पुढील खटल्यांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या आधीच्या निकालांवर, उभा होता. हा आधार निघून गेल्यास काय होईल, हा एरवी कायदेपंडितांच्या तर्काचा विषय २४ जून २०२२ रोजी वस्तुस्थिती बनला.

‘रो विरुद्ध वेड’ (१९७३) या टेक्ससमधील खटल्यात न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा हक्क मान्य केला. योग्य कायदेशीर प्रक्रियेवाचून कोणाचेही स्वातंत्र्य राज्याला हिरावून घेता येणार नाही, अशी हमी १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत आहे. तीत खासगीपणाचा आणि खासगीपणात गर्भपाताच्या निर्णयाचा समावेश होतो, असे न्या. हॅरी ब्लॅकमन यांनी प्रतिपादन केले. गर्भारपणाचे तीन कालखंड पाडून प्रत्येकासाठी वेगळा नियम घालून देणारे हे निकालपत्र मात्र न्यायनिर्णयापेक्षा कायद्याच्या मसुद्यासारखे वाटे, आणि हक्काच्या पुरस्कर्त्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीही त्याची पायाभरणी खासगीपणाऐवजी स्त्रीपुरुष समानतेवर व्हायला हवी होती, असे मत मांडले. ‘केसी’ खटल्यात (१९९२) कालखंडांची ही रचना मोडीत निघाली. गर्भ मातेच्या शरीराबाहेर जगू शकेल या अवस्थेपूर्वी स्त्रीवर ‘अवाजवी बोजा’ टाकू नये, एवढीच कसोटी उरली.

मिसिसिपीतील पंधरा आठवड्यांच्या मर्यादेवरून उद्भवलेल्या ‘डॉब्स’ खटल्यात २४ जून २०२२ रोजी पाच न्यायमूर्तींनी हे दोन्ही निकाल रद्द ठरवले. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी मिसिसिपीचा कायदा वैध मानला, पण ‘रो’ रद्द करण्यास संमती दिली नाही. घटनेत न नोंदलेला हक्क राष्ट्राच्या इतिहासात व परंपरेत खोलवर रुजलेला असला पाहिजे, हे न्या. सॅम्युअल ॲलिटो यांच्या निकालपत्राचे सूत्र. १८६८ साली स्त्रियांना मताधिकारच नव्हता, मग ती परंपरा कोणाची, हा भिन्नमत नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींचा आक्षेप या सूत्राच्या मर्मावर बोट ठेवतो. गर्भनिरोधन व समलिंगी विवाह यांचे हक्कही ‘रो’प्रमाणेच चौदाव्या दुरुस्तीतील स्वातंत्र्यावर आधारलेले आहेत. त्यांना धक्का लागणार नाही, असे बहुमताच्या निकालपत्रात म्हटले असले, तरी न्या. क्लॅरन्स थॉमस यांनी त्या पूर्वनिर्णयांचाही फेरविचार सुचवला.

या निकालाने गर्भपातावर बंदी आली नाही. निर्णय घटकराज्यांकडे गेला. फौजदारी कायदा मुख्यतः राज्यांचा असल्यामुळे वर्षानुवर्षे निद्रिस्त राहिलेली कलमे अचानक जागी झाली. ॲरिझोनात १८६४चा, म्हणजे तो प्रदेश राज्य होण्याच्या ४८ वर्षे आधीचा, जवळजवळ संपूर्ण बंदीचा कायदा अंमलात आणता येईल, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये ठरवले. पुढच्याच महिन्यात तो रद्द करण्यात आला.

याहून बिकट प्रश्न राज्य व केंद्र यांच्या अधिकारांच्या सीमेवर उभे राहतात. मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीला केंद्रीय औषध प्रशासनाने २०००मध्ये मान्यता दिली आहे. तिच्यावर एखादे राज्य बंदी घालू शकते काय, आणि ती टपालाने धाडणे १८७३च्या कॉमस्टॉक कायद्याखाली गुन्हा ठरते काय? २०२४मध्ये या गोळीविरुद्धचा दावा, वादी डॉक्टरांना तो लावण्याचा अधिकारच नाही या कारणावरून, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. मुख्य प्रश्नाला हात लागला नाही. तातडीच्या रुग्णाला स्थिर करण्याचे बंधन रुग्णालयांवर घालणारा १९८६चा केंद्रीय कायदा आयडाहो राज्याच्या बंदीपेक्षा वरचढ ठरतो काय, हा प्रश्नही त्याच वर्षी निर्णयाविना परत गेला. दुसऱ्या राज्यात जाऊन गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीला रोखता येणार नाही, असे न्या. ब्रेट कॅव्हेनॉ यांनी ‘डॉब्स’मधील आपल्या स्वतंत्र सहमतिपत्रात म्हटले, पण ते पाच जणांचे मत नव्हे.

त्यामुळे वादाचे केंद्र राज्यांच्या स्वतःच्या घटनांकडे सरकले. मिशिगन (२०२२) व ओहायो (२०२३) येथील मतदारांनी हा हक्क राज्यघटनेत नोंदवला. फ्लॉरिडात २०२४मध्ये अशाच प्रस्तावाला सुमारे ५७ टक्के मते अनुकूल पडली. परंतु घटनादुरुस्तीला तेथे ६० टक्के मते लागत असल्याने प्रस्ताव नामंजूर झाला आणि सहा आठवड्यांनंतरची बंदी कायम राहिली.