ख्रिस्तप्रसादाचे चमत्कार आणि संत जोसेफ वाझ



बेळगाव-निपाणी भागातल्या आपल्या प्रार्थनागटांच्या मोबाइलवर ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांचे व्हिडिओ सारखे फिरत असतात. कुठे भाकरीतून रक्त आले, कुठे चेहरा उमटला. ते पाहून कुणाचे डोळे भरून येतात, तर कुणी हळूच विचारतो, "हे खरं का? आणि खरं असेल तर आपल्याकडं का होत नाही?" प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला अविश्वासू म्हणून गप्प बसवू नये.

आपल्याला जवळचे उदाहरण केरळचे आहे. कन्नूर जिल्ह्यातल्या विलक्कन्नूरच्या ख्रिस्त राजा चर्चमध्ये १५ नोव्हेंबर २०१३ रोजी मिस्सा चालू असताना पवित्र भाकरीवर ख्रिस्ताचा चेहरा दिसला. दर्शनाला गर्दी लोटली, पण ख्रिस्तसभेने घाई केली नाही. ती भाकर ताब्यात घेऊन तपासली गेली आणि मान्यतेची घोषणा व्हायला ३१ मे २०२५ हा दिवस उजाडला. म्हणजे साडेअकरा वर्षे. आपण फॉरवर्ड करायला साडेअकरा सेकंदही घेत नाही! आणि मान्यता मिळाली तरी असा चमत्कार मानणे कुणावर बंधनकारक नसते. मिस्सेत भाकर व द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, हा आपला विश्वास आहे. तो प्रभूच्या शब्दावर उभा आहे, तपासणीच्या अहवालावर नव्हे.

इटलीतल्या बोल्सेनाची कथा अनेकांनी प्रवचनात ऐकली असेल. १२६३ मध्ये प्रागचा एक धर्मगुरू, पीटर, रोमच्या वाटेवर तिथे मिस्सा करत होता. ही भाकर खरेच ख्रिस्ताचे शरीर आहे का, ही शंका त्याला पोखरत होती. परंपरा सांगते, की त्याच्या हातातल्या भाकरीतून रक्त ठिबकले आणि वेदीवरच्या वस्त्रावर पडले. ते वस्त्र आजही ऑर्व्हिएतोच्या कॅथेड्रलमध्ये जपलेले आहे. पुढच्याच वर्षी पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण साऱ्या ख्रिस्तसभेला लावून दिला. त्यामुळे हा सण या चमत्कारातून जन्मला असे आपण सर्रास सांगतो. पण पोपमहोदयांच्या आज्ञापत्रात बोल्सेनाचे नावच नाही. या सणासाठी लिएजची संत ज्युलियाना आधीपासून झटत होती, आणि १२४६ मध्ये तिथल्या बिशपांनी तो आपल्या धर्मप्रांतात लागूही केला होता. सणामागे एका बाईची वर्षानुवर्षांची चिकाटी होती, हे मला रक्ताच्या थेंबांइतकेच मोलाचे वाटते.

पीटरच्या हातात भाकर होती, विश्वास डळमळत होता. याच्या अगदी उलट अवस्थेतली माणसे आपल्या शेजारच्या गोव्याच्या एका संताला भेटली.

जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ मध्ये बाणावलीचा. १६८१ ते १६८४ या काळात त्यांनी आपल्याच कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, कानडा प्रांतात सेवा केली. पुढे त्यांना सिलोनची ओढ लागली. डचांनी १६५८ मध्ये पोर्तुगीजांना तिथून हुसकावले होते आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. लोक विश्वास धरून होते, पण मिस्सा नव्हती, ख्रिस्तप्रसाद नव्हता. फादर वाझ १६८७ मध्ये फाटक्या वेशात, जॉन नावाच्या सोबत्याला घेऊन, जाफन्याला उतरले. हगवणीने अंगात त्राण नव्हते. कॅथलिक कोण, हे विचारायची सोय नव्हती. मग त्यांनी गळ्यात रोझरी घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. भिक्षा घालताना रोझरीवर कुणाची नजर थांबते, एवढेच ते पाहत.

पुढे कँडीत त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकले. त्या कैदेतही त्यांनी झोपडीवजा वेदी उभारून मिस्सा केली. १६९६ च्या दुष्काळात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, त्यांच्यावर मात्र थेंब पडला नाही, ही कथा सर्वांना ठाऊक असते. १६ जानेवारीला त्यांच्या सणाच्या प्रवचनात बहुधा तीच सांगितली जाते.

माझे मन मात्र जाफन्यापाशी थांबते. अखेर एक कॅथलिक घर सापडले. विश्वास बसायला वेळ लागला, कारण हा भिकारी डचांचा माणूसही असू शकत होता. खात्री पटल्यावर निरोप कानोकानी गेला. रात्री, दारे लावून, मिस्सा झाली. बंदीनंतर जन्मलेल्यांनी उंचावलेली पवित्र भाकर तोवर पाहिलीच नसणार. तीत रक्त दिसले नाही, चेहरा दिसला नाही. पकडले गेलो तर काय होईल हे ठाऊक असूनही माणसे अंधारातून येत राहिली.